आपल्यावरची नवी पुस्तके आणि आपल्या पेटीतले कागद

गेल्या दहा वर्षांत बाबासाहेबांवर व त्यांच्या चळवळीवर इंग्रजी भाषेत एकामागून एक मोठमोठे ग्रंथ प्रसिद्ध होत आहेत. ते दिल्लीत, लंडनमध्ये, शिकागोत छापले जातात आणि विद्यापीठांच्या दिवाणखान्यांत त्यांवर चर्चा झडतात. त्यांतील बहुतेकांत महाडचे एक प्रकरण असतेच. परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या दासगाव बंदरावर 'पद्मावती' बोटीतून बाबासाहेब व त्यांचे सहकारी उतरले आणि जेथून पाच मैल चालत ते महाडास गेले, त्या दासगावात यांपैकी एकही ग्रंथ विकत मिळत नाही. महाडातही मिळेल याची खात्री नाही. धंद्यानिमित्त मुंबईस जाणे होते म्हणून काही ग्रंथ मी विकत घेतले, काही मित्रांकडून मागून आणले. अलीकडे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो : घरात बुद्धांचे व बाबासाहेबांचे चित्र आले, आता मुलांच्या हाती पुस्तक कोणते द्यावे? हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे. मी समीक्षक नाही. पुरावा कोणता आणि त्यावरून निघणारे अनुमान कोणते, हे वेगळे करण्याची सवय धंद्याने लावली आहे. त्या सवयीनेच हे ग्रंथ वाचले.

आरंभ अर्थातच आनंद तेलतुंबडे यांच्या 'महाड : द मेकिंग ऑफ द फर्स्ट दलित रिव्होल्ट' या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून केला पाहिजे. महाडवर त्यापूर्वी लिहिले गेले नव्हते असे नाही. रत्नाकर गणवीर यांनी मराठीत फार आधी सामग्री गोळा करून ठेवली होती. परंतु महाड एकाएकी घडले नाही, त्यामागे या परिसराचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास उभा होता, ही गोष्ट इंग्रजी वाचकापुढे इतक्या विस्ताराने प्रथमच आली. सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले पेन्शनर, त्यांनी मुलांना दिलेली अक्षरओळख, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर व त्यांचे १८८८ सालचे 'विटाळ विध्वंसन', सावित्रीच्या खाडीतून चालणारी मुंबईची वाहतूक या सर्वांचा संबंध चवदार तळ्याच्या पाण्याशी कसा आहे, हे या ग्रंथात समजते. तेथे दासगाव हे नकाशावरचे नुसते ठिकाण राहत नाही. महाडच्या आधी दासगावच्याच क्रॉफर्ड तळ्यावर आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क बजावला होता, ही गोष्ट आमच्या तालुक्यातील किती तरुणांना ठाऊक आहे? मी विचारून पाहिले आहे. उत्तर सुखावह नाही.

तेलतुंबडे यांची सर्व मते आपणांस रुचतील असे नव्हे. धर्मांतराच्या फलिताविषयी त्यांनी ठिकठिकाणी जे लिहिले आहे ते नवदीक्षित कुटुंबास कडू लागेल. २०२४ साली त्यांचे 'आयकनोक्लास्ट' हे बाबासाहेबांचे विस्तृत चरित्र निघाले. त्याच्या नावातच मूर्तिभंजन आहे. आमच्यापैकी काहींनी ते न वाचताच बाजूला सारले. हे मला पटत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे न वाचता कैफियत दाखल करणारा वकील पक्षकाराचे नुकसान करतो. आणि येथे तर लेखक प्रतिपक्षाचाही नव्हे. धर्मांतराने काय साधले याचे उत्तर आपल्या मुलींच्या शिक्षणाने, आपल्या विवाहविधींनी, आपल्या वस्तीतल्या वागणुकीने द्यावयाचे आहे. ते उत्तर आपल्यापाशी असेल तर पुस्तकाचे भय कशाला?

महाडच्या ग्रंथांतून जो दुसरा मनुष्य समोर येतो तो आमच्याच मातीतला : कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे. यांचे बालपण दासगाव-लाडवली या परिसरात गेले. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलास महाडच्या इंग्रजी शाळेत जातीमुळे प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याने वर्तमानपत्राकडे दाद मागितली व प्रवेश मिळवला. बाजारास येणाऱ्या आपल्या लोकांना महाडात कोणी घोटभर पाणी देत नसे. त्यांच्यासाठी चहाचे दुकान निघावे म्हणून खटपट करणारे तेच. १९२७ च्या मार्चमधील कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरावी यासाठी झिजलेल्यांतही त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९३० साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेबांविषयीचा त्यांचा आदर त्यामुळे संपला नाही. त्यांचे आत्मकथन व पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेला चरित्रभाग मराठीत पूर्वीच आला होता. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद अनुपमा राव यांच्या संपादनाखाली अलीकडे निघाला आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली.

येथे मला आपल्याच लोकांशी थोडे भांडावयाचे आहे. मोरे कम्युनिस्ट झाले म्हणून आपल्या कित्येक वाचनालयांत त्यांचे पुस्तक ठेवत नाहीत, आणि लाल झेंड्याच्या काही मंडळींना त्यांतील जातीची वेदना अडचणीची वाटते म्हणून तेही ते पुढे करीत नाहीत. दोहोंच्या मध्ये दासगावचा एक बुद्धिमान मुलगा विसरला जातो. मी या सर्व ग्रंथांत त्यांच्या आत्मकथनास सर्वांत वरचे स्थान देईन. त्यात सिद्धांत थोडे आणि माणसे पुष्कळ आहेत. बंदर, बाजार, शाळा, पेन्शनरांची घरे यांचे वर्णन बाहेरून आलेला अभ्यासक कितीही मेहनत करो, त्या निकटतेने करू शकत नाही. ज्या घरात आठवी-नववीतला मुलगा वा मुलगी आहे त्या घराने हे पुस्तक मराठीत मिळवावे आणि मोठ्यांनी मुलांबरोबर बसून वाचावे.

आता माझ्या धंद्याच्या प्रांताविषयी. महाडवर लिहिणारे बहुतेक लेखक २० मार्च १९२७ चे पाणी आणि २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन येथे थांबतात. दाव्याचा विषय दोन-चार परिच्छेदांत आटोपतात. वास्तविक महाडचा संग्राम जितका तळ्याच्या पायऱ्यांवर झाला तितकाच न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाला. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचे ठरवले आणि मार्च १९२७ नंतर तोच ठराव फिरवला. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा क्रमांक ४०५ दाखल झाला. त्यात वादी सवर्ण हिंदू होते. बाबासाहेब व त्यांचे सहकारी प्रतिवादी होते. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. डिसेंबरच्या परिषदेस जमलेले हजारो सत्याग्रही तळ्यावर जाण्यास उतावीळ असताना बाबासाहेबांनी न्यायालयाच्या हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करवून घेतला.

काही लेखकांना यात माघार दिसते. कायद्याच्या विद्यार्थ्याने या घटनेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. वादी म्हणत होते की तळे आमच्या खाजगी मालकीसारखे असून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे. रूढीवर हक्क सांगणाऱ्याने ती रूढी सिद्ध करावी लागते. हे ओझे वादीवर होते. मनाई हुकूम मोडला असता तर हा वाद मागे पडून आज्ञाभंगाचा खटला पुढे आला असता, आणि तुरुंगात गेलेल्या शेकडो मजुरांच्या घरी चूल कोणी पेटवली असती? संयम राखल्यामुळे हजार वर्षांच्या दंडकाला प्रथमच साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, आणि तेथे तो टिकला नाही. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी दुसरे अपीलही फेटाळले. अनादि काळाची रूढी सिद्ध झालेली नाही, हा त्याचा गाभा. (१९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा फर्मावणारे ब्रूमफील्ड ते हेच.) २० मार्च १९२७ पासून मोजल्यास दहा वर्षांना तीन दिवस कमी पडले.

हा निकाल विधि-अहवालांत छापलेला आहे व कोणासही वाचता येतो. तो थोडक्या पानांचा आहे. असे असता एकाही नव्या ग्रंथाने महाड, ठाणे व मुंबई या तिन्ही न्यायालयांतील प्रवास साक्षीदारांच्या जबान्यांसह सविस्तर मांडलेला माझ्या वाचनात नाही. हे काम आपल्यातील एखाद्या विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. विषय शोधत हिंडणाऱ्यांना इतका चांगला विषय मिळणे कठीण.

चरित्रांपैकी अशोक गोपाळ यांचे 'अ पार्ट अपार्ट' (२०२३) मला सर्वांत विश्वासार्ह वाटले. ते फार मोठे आहे. कामकरी मनुष्याने एका बैठकीत वाचावे असे मुळीच नाही. परंतु लेखकाने मराठी साधने खरोखर वाचली आहेत. खैरमोड्यांचे खंड, 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' यांना वळसा घालून केवळ इंग्रजी भाषणांवर बाबासाहेबांचे चरित्र उभारण्याची जी सोयीस्कर पद्धत रुजली होती तिला या ग्रंथाने धक्का दिला. १९३९ साली मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांनी आपण समग्राचा एक तुकडा नसून वेगळे अंग आहोत अशा अर्थाचे उद्गार काढले होते, त्यावरून ग्रंथाचे नाव घेतले आहे. आकाश सिंग राठोड यांच्या 'बिकमिंग बाबासाहेब' या चरित्राचा पहिला खंडही त्याच वर्षी आला व तो जन्मापासून महाडपर्यंतच्या काळाचा आहे. तो वाचण्यास अधिक सुलभ आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने आधी राठोड वाचून नंतर गोपाळ हाती घ्यावे.

अमेरिकेतील अध्यापक स्कॉट स्ट्राउड यांचा 'द इव्होल्यूशन ऑफ प्रॅग्मॅटिझम इन इंडिया' (२०२३) हा ग्रंथ वेगळ्या जातीचा आहे. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले होते. त्या गुरूच्या विचारांचे शिष्याने भारतात काय केले, याचा शोध लेखकाने चिकाटीने घेतला आहे. शिष्याने गुरूचे विचार उचलले तेवढेच नव्हे, तर आपल्या गरजेप्रमाणे घडवले, मोडले व त्यांत भर घातली, असे लेखकाचे म्हणणे आहे आणि ते न्याय्य आहे. तरीही वाचताना एक शंका मनातून जात नाही. बाबासाहेबांच्या प्रत्येक विचाराचे मूळ न्यू यॉर्कच्या वर्गात शोधू लागले की सुभेदार रामजींचे घर, कबीरपंथी भजने, साताऱ्याच्या शाळेतील गोणपाट या गोष्टी तळटिपेत जातात. दासगावचे पेन्शनर ड्यूईंच्या वर्गात बसलेले नव्हते, आणि तरी पाण्याचा हक्क म्हणजे काय हे त्यांना कळले होते. दर्शनशास्त्राची आवड असणाऱ्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा. इतरांनी त्याची घाई करू नये.

इंग्रजी जगात सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे इझाबेल विल्करसन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेचे 'कास्ट' (२०२०). अमेरिकेतील वर्णभेद, जर्मनीतील नाझी राजवट आणि भारतातील जातिव्यवस्था यांना एका मापाने मोजून जातीचे आठ स्तंभ तिने मांडले आहेत. १९५९ साली भारतात आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची केरळातील एका शाळेत 'अमेरिकेतील अस्पृश्य बंधू' अशी ओळख करून दिली गेली व ते प्रथम चमकले, हा प्रसंग तिने परिणामकारक सांगितला आहे. या पुस्तकावरून २०२३ साली 'ओरिजिन' हा चित्रपट निघाला व त्यात बाबासाहेबही दिसतात. लाखो अमेरिकन वाचकांना जात या शब्दाचा अर्थ या बाईने समजावला, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्या देशात या काळात कायद्याचे वारेही हालले : सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास कायद्याने मनाई केली; कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक संमत केले, पण राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाकारले.

परंतु आपल्या दृष्टीने या पुस्तकात एक मोठी उणीव आहे. त्यात भारत हा अमेरिकेचे दुखणे दाखवण्यासाठी धरलेला आरसा आहे. जातीने माणसास कसे चिरडले हे तेथे पानोपानी आढळते. चिरडलेल्यांनी संघटना बांधली, वृत्तपत्रे काढली, दावे लढवले, धर्म बदलला, ही बाजू अगदी अंधुक आहे. शेती, वतन, मजुरी यांचा हिशेबही जवळजवळ नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाची प्रत मागितली होती. हे पत्र एका वेदनेने दुसऱ्या वेदनेस लिहिलेले नव्हते. एका वकिलाने अर्जाचा मसुदा मागवला होता. आपल्या मुलांनी आपला इतिहास या रीतीने वाचावा अशी माझी इच्छा आहे. केवळ दुःखाची पुस्तके सतत वाचणाऱ्या मुलाची मान आपोआप खाली जाते, आणि ती खाली घालण्यासाठी त्याच्या आईबापांनी त्रिशरण घेतलेले नाही.

आता एका अवघड पुस्तकाविषयी. शैलजा पाईक या आपल्याच समाजातील, पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या व आता अमेरिकेत प्राध्यापक असलेल्या विदुषी. त्यांना २०२४ साली मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा सन्मान मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. मात्र त्यांचे 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) किती जणांनी वाचले? तमाशात नाचणाऱ्या दलित स्त्रियांचा तो इतिहास आहे. पवळाबाईची कथा त्यात विस्ताराने आली आहे. समाजाने ज्यांना अश्लील म्हटले त्या स्त्रियांना ती अवस्था जातीने दिली होती, आणि माणुसकी मिळवण्यासाठी आपण जेव्हा तमाशाकडे पाठ फिरवली तेव्हा या स्त्रियांकडेही पाठ फिरवली गेली काय, असा बोचरा प्रश्न तेथून उठतो.

हा प्रश्न महाडपासून दूर नाही. डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. लुगडे नीट नेसा, जातीची खूण सांगणारे चांदीचे व कथलाचे दागिने टाका, मुलींना शाळेत घाला असा उपदेश केला, आणि स्त्रियांनी तो तत्काळ आचरणात आणला. आमच्या आज्या-पणज्यांच्या आठवणींत हे अभिमानाने सांगितले जाते व तो अभिमान रास्त आहे. ज्यांना वेशावरून ओळखून हाकलले जात होते त्यांनी वेश बदलणे ही बंडखोरी होती. पाईकबाई त्याच घटनेच्या दुसऱ्या अंगाकडे बोट दाखवतात : जिला वेश बदलणे पोटामुळे शक्य नव्हते तिचे काय? मला त्यांचे प्रत्येक अनुमान मान्य नाही. बाबासाहेबांपुढे त्या काळी जो प्रश्न होता तो आजच्या विद्यापीठातील प्रश्नापेक्षा अधिक निकडीचा होता, याचे भान काही ठिकाणी सुटते असे वाटते. तरीही हे पुस्तक आपल्या महिला मंडळांत चर्चिले जावे. त्याच्या शेजारी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) ठेवावे. ते मराठीत आहे, स्वतः चळवळीत वावरलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींवर उभे आहे. ऊर्मिलाताईंचे 'आयदान' तर कोकणातील घरास वेगळे सांगावयास नको.

वाचकहो, हे सर्व वाचून झाल्यावर जी गोष्ट माझ्या मनात ठाण मांडून बसली ती अशी. नव्या ग्रंथांपैकी जे चांगले आहेत ते सर्व मराठी कागदांवर उभे आहेत, आणि जे उणे आहेत ते बहुधा तेथेच उणे आहेत जेथे लेखकास मराठी कागद मिळाले नाहीत वा वाचता आले नाहीत. म्हणजे मूळ दस्तऐवज आपल्या भाषेत आहे व त्यावरचे भाष्य मात्र परभाषेत, आपणांस न परवडणाऱ्या किमतीत विकले जाते. दस्तऐवज ज्याच्या ताब्यात असतो त्याला भाष्यकारास उलट प्रश्न विचारता येतात. आपल्या ताब्यात तो आहे काय?

कायद्याने यातील पुष्कळ भाग आता सर्वांचा झाला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ सालचे. म्हणून 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांतील त्यांचे लेख, जातिनिर्मूलनावरील १९३६ चा प्रबंध, शूद्र व अस्पृश्य यांवरील ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणासही छापता येतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली निघाला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजली जातात, म्हणून तो इंग्रजी ग्रंथ २०१८ पासून मुक्त झाला. मराठी अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा व वेगळा, हे विसरू नये. विहाराने अनुवाद छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

यातील विसंगती दासगावकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. महाडच्या संग्रामाचे बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेले निवेदन त्यांच्या कागदपत्रांत पडून होते व महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते १९८९ साली छापले गेले. कायद्याचे गणित लावल्यास त्यावरील हक्क २०४९ च्या अखेरपर्यंत चालेल. शासनाची ही ग्रंथमाला १९७९ साली सुरू झाली, वसंत मून यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले. परंतु पुढे खंड बाजारातून नाहीसे झाले आणि छपाई इतकी रेंगाळली की २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. ज्या लेखनाचा हक्क सर्वांचा झाला त्यासाठी सरकारच्या छापखान्याकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरलेले नाही. महाड व पोलादपूर तालुक्यांतील विहारांनी मिळून जयंतीच्या खर्चातील थोडा भाग बाजूला ठेवला, तर 'बहिष्कृत भारता'तील महाडविषयक अग्रलेखांची एक छोटी पुस्तिका प्रत्येक घरी जाऊ शकते. ध्वनिक्षेपकाच्या भिंती एका वर्षी थोड्या खुज्या झाल्या तरी बाबासाहेबांचा आवाज कमी होणार नाही.

आणि घरोघरच्या पेट्यांविषयी. लष्करी पेन्शनची पुस्तके, जुन्या सभांची हस्तपत्रके, बोलावण्याच्या चिठ्ठ्या, वतनाच्या नोटिसा, १९५६ नंतरच्या दीक्षासमारंभांची छायाचित्रे या भागातील कित्येक घरांत होती. २५-२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगावावर डोंगर कोसळला. माणसे गेली, त्यापुढे कागदांचा शोक कोण करणार? जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुन्हा पाण्याखाली गेले. इतके होऊनही जे उरले आहे ते पुढल्या पुराची वाट पाहत पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. मार्च १९२७ नंतर गावोगाव कोणावर बहिष्कार पडला, कोणाची जमीन काढून घेतली, कोणास मार बसला, ही नावे तेलतुंबड्यांच्या ग्रंथातही पूर्ण नाहीत व गोपाळांच्याही नाहीत. ती असलीच तर या पेट्यांत आणि ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, ज्यांनी ती आपल्या आईबापांकडून ऐकली.

वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ या कामास द्यावी. ज्याच्या घरी जुना कागद आहे त्याने तो घेऊन यावे, शाळेतील मुलाने भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र काढावे, कागद कोणाचा व कोठून आला हे वहीत टिपावे आणि मूळ कागद त्याच दिवशी मालकास परत द्यावा. छायाचित्रांच्या दोन प्रती कराव्यात : एक विहारात, दुसरी गावाबाहेर, पुराचे पाणी जेथे पोहोचत नाही अशा ठिकाणी.